पुस्तकातली माणसं पोटासाठी काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी आयटीत आहे, वय चाळिशीचं. गेली काही वर्षं फक्त माहितीपर पुस्तकं वाचतो. कादंबरी हातात घेतली की वेळ फुकट चाललाय असं वाटतं. कुणीतरी रचलेलं खोटं कशासाठी वाचायचं? तुम्ही ग्रंथालयात आयुष्य काढलंत. हल्ली काय वाचलंत आणि तुमचं खरं मत काय, ते सांगा. गुळमुळीत नको."

गुळमुळीत बोलायची सवय मला देवघेवीच्या टेबलावर बसून लागलेली आहे, कारण तिथे प्रत्येकाला 'छान आहे, न्या' म्हणावं लागतं. इथे तसं बंधन नाही. गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या आणि काही मुद्दाम पुन्हा वाचलेल्या पुस्तकांबद्दल बोलतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच येईल.

कादंबऱ्या एका कपाटात आणि माहितीपर दुसऱ्या कपाटात, ही वाटणी आम्ही केली ती पुस्तकं सापडावीत म्हणून. वाचताना मी दोघांनाही एकच गोष्ट विचारतो: यातली माणसं पोटासाठी काय करतात, आणि ते काम लेखकाला कितपत ठाऊक आहे? नायक 'एका बड्या कंपनीत मोठ्या पदावर' असतो आणि अडीचशे पानं संपली तरी ती कंपनी साबण करते की सिमेंट याचा पत्ता लागत नाही, अशा कादंबऱ्या आमच्याकडे ढिगाने आहेत. अशा लेखकाने पुढे प्रेम, दुःख, एकटेपणा यांबद्दल काहीही सांगितलं तरी माझा विश्वास बसत नाही. ज्याला माणसाचे दिवसाचे आठ-दहा तास दिसले नाहीत, त्याला त्याचं मन कुठून दिसणार? तुम्ही कादंबरीला खोटं म्हणता ते बहुधा अशाच कादंबऱ्या वाचून. पण हाच आजार माहितीपर पुस्तकांनाही असतो, त्याकडे नंतर येतो.

आधी शिंप्यांबद्दल. दोन मराठी कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या, दोन्ही शिंप्याच्या घरातल्या, दोन्ही मराठवाड्याच्या मातीतल्या, आणि दोहोंमध्ये पन्नास वर्षांचं अंतर. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' 1971ची. देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला 2024 साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. 'पाचोळा' मी तरुणपणी वाचली होती. बोराडे सर 2025च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा पुन्हा काढली.

'पाचोळा' सांगते गबरू शिंप्याची बायको. सगळी कादंबरी तिच्या तोंडच्या बोलीत आहे. पहिली दहा-पंधरा पानं पुण्या-मुंबईच्या वाचकाला जड जातात, हे मी कबूल करतो. पण एकदा कान बसला की ती बाई तुमच्यासमोर चुलीपाशी बसून बोलू लागते. नवरा ताठ, शब्दाला शब्द करणारा. गावातल्या बड्या असामीशी त्याचं बिनसतं आणि मग संसाराची पानं एकेक करून गळत जातात. मला या वाचनात जाणवलं ते हे की शिंप्याचा धंदा हा गावात सगळ्यांच्या मर्जीवर चालणारा धंदा आहे. शेतकऱ्याला निदान स्वतःचं रान असतं. शिंप्याकडे मशीन असतं, पण कापड गिऱ्हाइकाचं. एका घराने पाठ फिरवली की त्या घराचं बघून आणखी चार घरं फिरवतात. बोराड्यांनी हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात 'ग्रामीण कारागिरांचं परावलंबन' असं प्रकरण वाचून जेवढं कळेल, त्याहून जास्त या बाईच्या कुरकुरीतून कळतं. ती कुरकुर करते, नवऱ्यावर चिडते, देवाला बोल लावते आणि तरी बाजू त्याचीच घेते.

'उसवण'मधला शत्रू वेगळा आहे. तिथे वैर धरणारा कुणी पाटील नाही. तिथे तयार कपडे आहेत. कुणावर राग काढावा असं माणूसच समोर नाही, म्हणून ही कादंबरी मला जास्त कोंडणारी वाटली. सौदागर तुळजापूरचे, त्यांनी स्वतः शिलाईकाम केलं आहे, आणि ते पानोपानी कळतं. हल्ली शिंप्याकडे उरतं काय? पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, साडीला फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे थोडे गणवेश, तेही शाळेने एखाद्या दुकानदाराशी आधीच ठरवलं नसेल तर. नवं कापड कापायला येतं ते लग्नसराईत आणि दिवाळीत. ज्याचा हात कापणीत बसलेला आहे, त्याला दिवसभर दुसऱ्याने शिवलेलं उसवून अल्टर करावं लागणं म्हणजे काय, हे बाहेरच्या लेखकाने लिहिलं असतं तर त्याचं रडगाणं झालं असतं. इथे ते होत नाही, कारण लेखकाचं लक्ष हातातल्या कामावर आहे. उणीव सांगायची तर शेवटाकडे कादंबरी घाईत आहे. काही माणसं येतात, दोन वाक्यं बोलतात आणि जातात, त्यांना आणखी जागा हवी होती. आहे त्याहून पन्नास पानं जास्त चालली असती, असं फार थोड्या मराठी पुस्तकांबद्दल म्हणावंसं वाटतं.

आमचे एक सभासद आहेत, बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. त्यांना मी दोन्ही दिली. 'उसवण' त्यांनी दोन दिवसांत परत आणली, 'पाचोळा'ला मुदत वाढवून घेतली. परत करताना म्हणाले, "'उसवण'मध्ये मशीन जास्त आहे, 'पाचोळा'त गाव जास्त आहे. मशीनचं मला माहीतच होतं." तुम्हाला मात्र मी वाचायचा क्रम असा सांगेन. आधी 'उसवण' घ्या, भाषा सोपी आहे, एका रविवारात होईल. मग 'पाचोळा'.

आता तुमच्या आवडीच्या कपाटाकडे. युव्हाल नोआ हरारी यांचं 'सेपियन्स', म्हणजे सगळ्या मानवजातीचा इतिहास एका पुस्तकात, तुम्ही वाचलं असेलच, आमच्याकडे आयटीतला जो येतो त्याने ते वाचलेलं असतं. मी ते दुसऱ्यांदा चाळलं. बुद्धिमान माणसाचं लेखन आहे, वाचनीय आहे, आणि मला ते घाऊक वाटतं. शेती ही इतिहासातली सर्वांत मोठी फसवणूक, गव्हानेच माणसाला माणसाळवलं, ही मांडणी चटकदार आहे, चहाच्या टपरीवर ऐकवायला फार बरी. पण हजारो वर्षांची शेती येऊन जाते आणि एक शेतकरी नावानिशी, गावानिशी उभा राहत नाही. पुस्तकाचा आवाकाच तसा आहे, हे मान्य. माझी तक्रार हरारींपेक्षा वाचकांबद्दल आहे. असं एक पुस्तक वाचून जगाचा नकाशा हातात आल्यासारखं वाटतं आणि मग वाचक गल्लीत उतरायला तयार नसतो.

गल्लीत उतरायचं तर पी. साईनाथ. 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' 1996 साली आलं, मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने उपलब्ध आहे. देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत फिरून त्यांनी वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या वार्तापत्रांचा हा संग्रह आहे. त्यातलं गोड्डा जिल्ह्यातलं प्रकरण पाहा. हा जिल्हा तेव्हा बिहारात होता, आता झारखंडात आहे. तिथली माणसं सायकलवर अडीचशे किलोपर्यंत कोळसा लादतात आणि ती सायकल ढकलत कित्येक किलोमीटर चालतात. बसून चालवायचा प्रश्नच नाही. साईनाथ त्यांच्याबरोबर चालतात. तीन-चार पानांचा मजकूर आहे. तो वाचून झाल्यावर 'असंघटित क्षेत्र' हा शब्द तुम्हाला पहिल्यासारखा सहज उच्चारता येणार नाही. पुस्तक आता जुनं झालंय, आकडे जुने झालेत, काही योजनांची नावंही बदललीत. तरी मी ते तरुण पत्रकारांना आवर्जून देतो. काहीजण न वाचता परत करतात, ते तारीखपट्टीवरूनच कळतं: आज नेलं, परवा आणलं.

कॅथरीन बू यांचं 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरेव्हर्स' हे 2012चं पुस्तक मी इतक्या उशिरा वाचलं याचं कारण साधं आहे, आमच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. मुंबई विमानतळाला लागून असलेल्या अण्णावाडी या झोपडपट्टीतली खरी माणसं, खरी नावं, आणि सांगण्याची रीत मात्र पूर्ण कादंबरीची. मध्यभागी अब्दुल नावाचा पोरगा आहे, भंगार निवडणारा. प्लास्टिकची प्रत, धातूची प्रत, काय कशात टाकायचं, कशाला किती भाव, हे त्याचं शास्त्र लेखिकेने इतक्या जवळून टिपलंय की आपल्या दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे तुम्ही दुसऱ्या दिवशी निराळ्या नजरेने बघाल. 2008ला तिकडे अमेरिकेत बँका कोसळतात आणि इकडे अण्णावाडीत भंगाराचा भाव पडतो. जागतिकीकरण समजावणारी जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत, त्यांतलं हे इतकं स्पष्ट कुठे दिसलं नव्हतं.

पण इथे माझी एक अडचण आहे आणि ती तुमच्या प्रश्नाला जाऊन भिडते. या माणसांच्या मनात काय चाललंय तेही बू लिहितात. अमक्याला त्या क्षणी असं वाटलं, तमकीने मनात असा हिशेब केला. स्वतः लेखिका पुस्तकभर कुठेच दिसत नाही. मग हे तिला कळलं कसं? याचं उत्तर शेवटच्या टिपणात आहे: काही वर्षांचा वावर, ध्वनिमुद्रणं, चित्रफिती, माहितीच्या अधिकारात मिळवलेली सरकारी कागदपत्रं, एकाच माणसाला पुन्हा पुन्हा विचारलेले तेच प्रश्न. टिपण वाचून माझी बरीचशी शंका मिटली, सगळी नाही. माझा सल्ला, हे टिपण आधी वाचा आणि मग पहिलं पान. अशा प्रकारच्या कुठल्याही पुस्तकाला हाच क्रम लावा. लेखकाने माहिती कशी मिळवली हे ज्या पुस्तकात कुठेच सांगितलेलं नाही, त्यातल्या 'मनातल्या' वाक्यांवर मी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह करतो. (स्वतःच्या प्रतीवर. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करणाऱ्यांची माझ्याकडे वेगळी यादी आहे.) बोराड्यांची बाई मनातलं बोलते तेव्हा हा प्रश्न येत नाही, कारण ती बाई बोराड्यांनी निर्माण केली आहे आणि जबाबदारी सगळी त्यांची आहे. तुम्ही ज्याला खोटं म्हणता, त्यात निदान करार उघड असतो.

जुन्या मराठीत शिरायची तयारी असेल तर विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचाच. शाळेत त्यातला झाशीचा उतारा असायचा, त्यामुळे लोकांना वाटतं हे राणी लक्ष्मीबाईंवरचं पुस्तक. ते आहे कर्जाने गांजलेल्या एका भिक्षुकाचं पुस्तक. पेण तालुक्यातलं वरसई हे त्यांचं गाव. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कळल्यावर गोडसे भटजी 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत गाठ पडली ती बंडाशी. झाशीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा ते आत होते. शहर पडल्यावरची लूट ते कशी सांगतात बघा: आधी सोनं-नाणं, मग भांडीकुंडी, कपडालत्ता, धान्य, अशी क्रमाने. ज्याने आयुष्यभर दक्षिणेत काय मिळालं याची मोजदाद केली, त्याचीच ही नजर आहे. सगळं वर्णन करताना त्यांचा जीव स्वतःच्या गाठोड्यात अडकलेला असतो, आणि ते लपवतही नाहीत. पुढे विहिरीवर राणी भेटते तो प्रसंग प्रसिद्ध आहे, मी त्याबद्दल बोलत नाही. मला आवडतात त्या मधल्या कंटाळवाण्या जागा: कुठे जेवण झालं, कुणी काय दिलं, कुणी लुबाडलं, कुठल्या वाटेने चोरांची भीती. एवढं करून माणूस घरी परतला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन.

प्रत निवडताना मात्र काळजी घ्या. भटजींनी लिहिलेलं हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापलं, ते बऱ्यापैकी सारवून. मूळ हस्तलिखिताला धरून असलेला पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आणला. बाजारात दोन्ही वळणांच्या आवृत्त्या मिळतात. प्रस्तावना उघडून बघा आणि पोतदारांचा पाठ असेल ती घ्या. भाषा खडबडीत आहे, पण ती भटजींची आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून यातलं सगळंच्या सगळं धरू नये. भटजींनी लिहिलं ते पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून, आणि ऐकीव गोष्टीही बऱ्याच आहेत.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 साली साहित्य अकादमी मिळाली. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडे वसली, जनावरं मात्र मागे राहिली आणि रानटी झाली. त्यातली म्हैस आणायला देवाप्पा परत निघतो. जनावर माणसाला विसरलंय आणि माणूस त्याच्या मागे दोर घेऊन फिरतोय. जनावर राखणाऱ्याचं ज्ञान यात ठासून भरलंय: म्हैस कशाला बुजते, कुठल्या हाकेला मान वळवते, कुठे घेरता येते. ही कादंबरी मला आवडली असं म्हणताना थोडा थांबतो. ती दमवते. मधला भाग इतका गोल गोल फिरतो की मी दोनदा ठेवून दिली. नावच 'रिंगाण' आहे म्हणून फिरावंच असं नाही. पण धरणग्रस्तांवर चळवळीच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि गाव सोडलेल्या माणसाचा हुकमी आवाज त्याच्याच जनावरावर चालेनासा होतो, हे दुसरं कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

तुम्ही इंजिनिअर असाल तर प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' बहुतेक कॉलेजातच वाचली असेल. नसेल तर सगळ्यात आधी तीच घ्या. हिमाचलात सतलजच्या वर उभ्या कड्यातून सैन्यासाठी रस्ता काढायचा आहे, नवखा इंजिनिअर विश्वनाथ सीमा सडक संघटनेत रुजू होतो, आणि मजुरांच्या जिवाची किंमत कुणी ठरवायची यावरून लष्करी शिस्तीशी त्याचं जुंपतं. पेंढारकर फिल्म्स डिव्हिजनसाठी माहितीपट करायचे, त्यामुळे सुरुंग, दरड, थंडी यांना खरं वजन आहे. कड्यापासून दूर गेलं की कादंबरी जरा ढिली पडते. तरी 1981पासून आजवर ती आमच्याकडे कपाटात फारशी टिकलेली नाही, आणि नेणारे बहुतेक 'मी कादंबऱ्या वाचत नाही' म्हणणारेच असतात.

परभाषेतल्या दोन छोट्या. समंथा हार्वे यांच्या 'ऑर्बिटल'ला 2024चं बुकर मिळालं. अंतराळस्थानकात सहाजण, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. तिथली रोजची कामं, व्यायाम, उंदरांवरचे प्रयोग, साफसफाई, हे सगळं वाचायला मजा येते. पण सहाही जण एकाच सुरात विचार करतात आणि खिडकीतून पृथ्वी किती सुंदर दिसते हे इतक्या वेळा येतं की मी नंतर ते परिच्छेद ओलांडत गेलो. दुसरी विवेक शानभाग यांची कन्नड 'घाचर घोचर'. मी ती श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादात वाचली, आणि ही माझी कसोटी उलट्या बाजूने लावणारी गोष्ट आहे. काकाचा मसाल्याचा धंदा जोरात चालतो, त्यावर सगळं घर पोसलं जातं, आणि निवेदक नावाला कंपनीत डायरेक्टर, प्रत्यक्षात दिवसभर कॉफी हाउसमध्ये बसलेला. काम न करता पैसा येत राहिला की घरातली माणसं एकमेकांना आणि बाहेरच्यांना काय करू शकतात, हे शंभरेक पानांत येतं, तेही आवाज न चढवता. एका संध्याकाळी वाचून होते आणि नंतर घरच्यांच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा ऐकताना थोडं चमकायला होतं.

राहता राहिली विश्राम बेडेकरांची 'रणांगण', 1939ची, जी माझ्या या सगळ्या बोलण्याला दाद देत नाही. बोटीवर कुणीच काही काम करत नाही. युरोपातून निघालेली बोट, तीत जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा, आणि समोर पसरलेला समुद्र. दर वेळी वाचताना मी म्हणतो की इथे आपली कसोटी चालत नाही, आणि दर वेळी लक्षात येतं की त्या बोटीवरच्या बहुतेकांचा धंदा, दुकान, शिक्षण, नाव, सगळं हिसकावून घेऊनच त्यांना बोटीवर ढकललंय. बेडेकर ते एक-दोन वाक्यांत उरकतात. आमच्याकडे तिच्या दोनच प्रती आहेत, एकीचं बाइंडिंग सुटलंय आणि दुसरी कायम बाहेर असते. हवी असेल तर नाव नोंदवून ठेवा, आणि तोवर 'उसवण' घेऊन जा, ती आज जागेवर आहे.